कारणाचा रकाना

तांब्याच्या चौदा सळया होत्या. प्रत्येकीवर प्लॅस्टिकची दुहेरी पिशवी, पिशवीवर माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर लाल शाईत एकच शब्द: नापास. २०११च्या डिसेंबरात मी त्या नापास केल्या. पुढच्या एप्रिलमध्ये कळलं की त्या सळयांमध्ये वाईट असं काहीच नव्हतं. म्हणजे डिसेंबरात नव्हतं. एप्रिलपर्यंत मात्र, माझ्या चिठ्ठीमुळेच, त्यांच्यात खरोखर काहीतरी शिरलं होतं.

मी तेव्हा इटलीत पीएच.डी. करत होते. रोमच्या पूर्वेला ग्रान सास्सो नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटातून दहा किलोमीटर लांबीचा महामार्गाचा बोगदा जातो आणि बोगद्याच्या मध्यावर, कुशीत खोल्या काढाव्यात तशी, तीन प्रचंड दालनं कोरलेली आहेत. एकेक दालन शंभर मीटर लांब. असेर्जी गावातल्या वरच्या इमारतींतून निघालेली आमची गाडी आधी सगळा बोगदा ओलांडून डोंगराच्या पलीकडे जायची, तिथे वळून परत बोगद्यात शिरायची आणि मग प्रयोगशाळेच्या फाट्याला लागायची. आत जायची वाट परतीच्या बाजूनेच आहे. २००९च्या भूकंपानंतर पायथ्याचं लाक्विला शहर लोखंडी टेकूंवर उभं होतं. तिथल्या एका खोलीत राहून मी रोज या डोंगरात जात असे.

डोक्यावर १,४०० मीटर खडक. वर उघड्यावर दर मिनिटाला साधारण तळहाताच्या मध्याएवढ्या जागेतूनही म्यूऑन आरपार जातात, विश्वकिरणांच्या माऱ्यातून वातावरणात जन्मलेले. खाली मात्र चौरस मीटरमागे तासाला जेमतेम एक. खडकानं दहा लाख पटींनी चाळून टाकलेलं असतं. डार्क मॅटर, म्हणजे कृष्णपदार्थ, शोधायला ही चाळण लागते. कृष्णपदार्थाचा एखादा कण आपल्या डिटेक्टरमधल्या अणुकेंद्राला धक्का देऊन गेलाच, तर तो धक्का अत्यंत हलका असेल आणि वर्षाकाठी टनभर द्रव्यात अशा मोजक्याच घटना घडतील, किंवा घडणारही नाहीत. बाकी जे काही दिसतं त्याला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी ब्रिटिश आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर १९६५ साली वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो पकडले, ते याच चाळणीच्या जोरावर. झारखंडात जादूगुड्याच्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ साली प्रयोगशाळा सुरू झाली, तीही डार्क मॅटरसाठी.

पण डोंगर फक्त आभाळातून येणारं अडवतो. डोंगर स्वतःही किरणोत्सारी असतो, आणि आपण आत नेलेली प्रत्येक वस्तूही. माझं काम त्या वस्तू तपासायचं होतं. स्क्रू, केबल, टेफ्लॉनचा तुकडा, तांब्याची सळई: जे जे डिटेक्टरजवळ जाणार ते ते आधी माझ्या जर्मेनियमच्या मोजयंत्रात दोन-तीन आठवडे बसणार आणि मी पास किंवा नापास म्हणणार.

तांबं मला घरचं वाटायचं. माझं आजोळ पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीच्या जवळ. हातोड्यांचा ठोका ऐकत ऐकत मी दुपारी झोपलेली आहे. आजी चिंचेच्या कोळानं किंवा लिंबाच्या फोडीनं बंब घासायची आणि तो गुलाबीसर उजळायचा. डोंगराखालीही तांबं असंच धुतलं जातं: आधी आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात वरचा पातळ थर काढून टाकायचा, मग सायट्रिक आम्लात बुडवून पृष्ठभाग स्थिर करायचा, म्हणजे तो काळवंडत नाही. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबातलंच. पहिल्यांदा ते केलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, “मग आजीला न्यायला हवं होतं तिकडे.”

त्या सळया मी सोमवारी मोजायला ठेवल्या. शुक्रवारी गटाची बैठक होती आणि त्या बैठकीत तांब्याचा निर्णय व्हायचा होता. मोजयंत्राभोवती वीस सेंटिमीटरहून जाड शिसं, त्याच्या आत तांब्याचं अस्तर, आणि या पेटीत सतत नायट्रोजन वायू सोडलेला. नायट्रोजन कशासाठी, तर रेडॉन हाकलण्यासाठी. रेडॉन खडकातून, काँक्रीटमधून झिरपत राहतो आणि हवेबरोबर कुठेही शिरतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. विरताना तो शिशाचे आणि बिस्मथचे किरणोत्सारी अणू मागे टाकतो आणि हे अणू जिथे असतील तिथून २९५, ३५२, ६०९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण निघतात. तांब्यात रेडियमची भेसळ असेल तरी आलेखात नेमक्या याच ऊर्जांच्या रेषा दिसतात, कारण रेडियमपासूनच रेडॉन होतो. म्हणून पेटी उघडून बंद केली की पहिल्या काही दिवसांची मोजणी फेकून द्यायची, असा नियम. मला तो नियम तोंडपाठ होता. पण पहिले दिवस फेकले असते तर शुक्रवारपर्यंत हातात काही उरत नव्हतं. मी पहिल्या तासापासूनची मोजणी धरली.

आणखी एक गोष्ट मी केली, ती जास्त जिव्हारी लागते. नायट्रोजनच्या नळीवर प्रवाह दाखवणारी काचेची उभी नळी असते, तिच्यात एक छोटी गोळी तरंगते. मंगळवारी संध्याकाळी निघताना ती गोळी खुणेच्या खाली होती. मी नखानं काचेवर टिचकी मारली. गोळी वर आली, क्षणभर थांबली आणि पुन्हा हळूहळू खाली बसली. द्रवरूप नायट्रोजनची टाकी संपत आली होती, त्याचं ते लक्षण. शेवटची गाडी निघायची वेळ झाली होती. मी नोंदवहीत काही लिहिलं नाही.

शुक्रवारी मी पडद्यावर ३५२ आणि ६०९ च्या ठसठशीत रेषा दाखवल्या आणि सांगितलं की तांब्यात रेडियम आहे. सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नापास मालाला भूगर्भात जागा मिळत नाही, तिथे प्रत्येक चौरस मीटर मोलाचा असतो. सळया वर असेर्जीच्या शेडमध्ये गेल्या.

चार महिन्यांनी, पुरवठादाराकडे परत पाठवण्याआधी, एका सहकाऱ्यानं खात्रीसाठी त्यातली एक सळई पुन्हा मोजली. रेडियमच्या रेषा नव्हत्या. त्यांच्या जागी इतर होत्या: १२२, ८११, ८३५, आणि बारकाईनं पाहिलं तर ११७३ आणि १३३२. कोबाल्ट आणि मँगनीजची समस्थानिकं. डोंगराबाहेर, समुद्रसपाटीपासून हजारएक मीटर उंचीवरच्या त्या शेडमध्ये विश्वकिरणांतले न्यूट्रॉन चार महिने तांब्याच्या अणुकेंद्रांवर आदळत होते आणि त्यांचे टवके उडवून नवे किरणोत्सारी अणू घडवत होते. याच कारणासाठी असा माल विमानानं आणत नाहीत, कारण उंचीवर मारा शेकडो पटींनी वाढतो. याच कारणासाठी काही प्रयोगांत तांबं विद्युतविलेपनानं जमिनीखालीच घडवतात. हे सगळं मी माझ्या पहिल्या वर्षाच्या अहवालात लिहिलेलं होतं.

त्या रात्री मी डिसेंबरातली मोजणी काढून तिचे सहा-सहा तासांचे तुकडे केले. हे तेव्हा केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. ६०९ ची रेष पहिल्या दिवशी उंच, मग उतरलेली, आणि मंगळवारी रात्री टाकी संपल्यावर पुन्हा चढलेली. तांब्यातलं रेडियम असं वरखाली करत नाही. त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे, सोमवार काय आणि गुरुवार काय, त्याची रेष तेवढीच राहते. मी तांबं मोजलंच नव्हतं. दालनातली हवा मोजली होती. सकाळी गटप्रमुखांना तो आलेख दाखवला आणि गोळीचंही सांगितलं. ते फक्त एवढंच म्हणाले, “टिचकी मारलीस हे वहीत असतं तर आपण शुक्रवारीच थांबलो असतो.”

बहुतेक अल्पायुषी अणू वर्षभरात विरले. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य मात्र सव्वापाच वर्षांचं. त्या सळया मुख्य डिटेक्टरमधल्या जर्मेनियमच्या स्फटिकाला खेटून बसायच्या होत्या. त्या कवचाच्या बाहेरच्या थरात गेल्या आणि आतल्या थरासाठी नवं तांबं मागवावं लागलं.

नमुने ठेवण्याच्या तिवईचं प्रकरण पुढच्या वर्षीचं. स्टेनलेस स्टीलची एक लहान तिवई, हाताच्या पंजाएवढी, मोजयंत्राच्या आत ठेवायची. स्टील मी स्वतः तपासून घेतलं होतं, स्वच्छ होतं. वर्कशॉपमधल्या कारागिरानं विचारलं, जोड कसा हवा? मी म्हटलं, नेहमीसारखा. त्यानं आर्गन वेल्डिंगनं तीन सुबक टाके मारून दिले.

तिवई आत गेल्यापासून थोरियमच्या साखळीच्या रेषा दिसायला लागल्या, ५८३ आणि २६१४. मी सहा आठवडे डोंगराला दोष देत होते. शिशाच्या विटांमधल्या फटी तपासल्या, केबल बदलल्या, हातमोज्यांचा ब्रँड बदलला. प्रत्येक बदलानंतर दोन आठवडे मोजणी, आणि रेषा तिथेच. शेवटी आमच्या गटातल्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ बाईंनी माझा आलेख हातात घेतला आणि विचारलं, “९११ ची रेष कुठे आहे?”

ती जवळजवळ नव्हतीच. मी ते पाहिलं होतं आणि त्यावर विचार केला नव्हता. खडकात थोरियम कोट्यवधी वर्षं आपल्या सगळ्या वंशजांसह राहतो. तिथे ५८३ आणि ९११ जवळपास तोडीस तोड असतात. ९११ येते रेडियम-२२८ नंतरच्या ॲक्टिनियमपासून. पण कुणी रसायनशाळेत थोरियम वेगळा काढला की रेडियम मागे राहतं, कारण ते वेगळं मूलद्रव्य. थोरियम-२२८ मात्र थोरियमच असल्यामुळे बरोबर येतो, आणि त्याच्यापासून काही दिवसांतच ५८३ पुन्हा उभी राहते. ९११ ला भरून यायला वर्षं लागतात. म्हणजे माझ्या पेटीतला थोरियम डोंगराचा नव्हता. तो माणसानं शुद्ध केलेला होता, आणि अलीकडेच.

बाई मला घेऊन वर वर्कशॉपमध्ये गेल्या. वेल्डिंगच्या टेबलावर काचेच्या बरणीत टंगस्टनच्या कांड्या उभ्या होत्या, टोकाला लाल रंग दिलेल्या. लाल टोक म्हणजे दोन टक्के थोरियम ऑक्साइड. त्यानं ठिणगी चटकन धरते आणि टोक टिकतं, म्हणून जगभर कारागीर त्या कांड्या वापरतात. त्यातला कणभर वितळून जोडात उतरला होता. थोरियम नसलेल्या कांड्याही मिळतात, सिरियमच्या किंवा लँथेनमच्या, आणि आमच्यासारख्या कामाला त्याच वापरायच्या असतात. कारागिरानं मला विचारलं होतं. उत्तर माझं चुकलं होतं. मी त्याच्यापाशी जाऊन तसं सांगितलं, आणि त्यानं तेव्हापासून आमच्या कामासाठी वेगळी बरणी ठेवली, झाकणावर माझं नाव लिहून.

या दोन्ही चुका मी नंतर व्याख्यानांत विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. तिसरी आजवर सांगितली नव्हती.

आमचा मुख्य डिटेक्टरही जर्मेनियमचाच, फार कमी ऊर्जेच्या नोंदी टिपण्यासाठी बनवलेला. उंबरठ्यालगत, जिथे डार्क मॅटरची खूण दिसायची तर दिसेल, तिथे वर्षभरात अकरा नोंदी आल्या होत्या. पडद्यावर अकरा टिपके. अपेक्षित बॅकग्राउंडच्या हिशेबानं तिथे दोन-तीनच हव्या होत्या. इतक्या कमी ऊर्जेवर यंत्राची स्वतःची थरथरही संकेतासारखी दिसते. द्रवरूप नायट्रोजन उकळताना येणारे बुडबुडे, दूरचा पंप, कुणी ओढलेली खुर्ची, यांनी स्फटिकाच्या तारा थरथरतात आणि खोटी नोंद उमटते. मी एकेक टिपका उघडून त्याचा तरंग पाहिला. हा थोडा पसरट आहे, थरथर असेल. याचा चढ जरा संथ आहे, थरथर असेल. अकराही तरंगांमध्ये मला काही ना काही खोट दिसली, कारण मी खोट शोधायलाच बसले होते. मग मी चढाच्या वेळेची एक मर्यादा ठरवली, त्यापलीकडचं सगळं वगळायचं, आणि ती मर्यादा अशी ठेवली की अकराही टिपके गेले.

आलेख स्वच्छ झाला. त्यावरून काढलेली डार्क मॅटरवरची मर्यादा आमच्या आकाराच्या प्रयोगासाठी फारच चांगली होती. मी ती गटाच्या बैठकीत दाखवली, टाळ्या मिळाल्या, आणि प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणाचा मसुदाही लिहून झाला.

बाईंनीच पुन्हा विचारलं: “ही कात्री खऱ्या नोंदी किती कापते?”

मी ते मोजलं नव्हतं. मोजायची रीत ठरलेली आहे. ओळखीच्या किरणोत्सारी स्रोतासमोर डिटेक्टर ठेवायचा, नक्की खऱ्या अशा हजारो नोंदी गोळा करायच्या, आणि आपली कात्री त्यांच्यावर चालवून बघायची. आम्ही ते केलं. उंबरठ्यालगतच्या खऱ्या नोंदींपैकी दर पाचांतल्या दोन माझ्या कात्रीखाली जात होत्या. इतक्या लहान संकेताचा चढ खऱ्या नोंदीतही कधी कधी संथ दिसतो, हे त्या स्रोतानं दाखवलं. समोरून डार्क मॅटर गेलं असतं तर त्यातलं चाळीस टक्के मी ‘थरथर’ म्हणून पुसून टाकलं असतं आणि वर छातीठोकपणे सांगितलं असतं की इथे काही नाही.

रेडॉनच्या वेळी घाई होती, कांडीच्या वेळी अज्ञान होतं. इथे तशी सबब नव्हती. मला स्वच्छ आलेख हवा होता आणि मी तो करून घेतला. आकडे मी बदलले नव्हते. पण कुठले आकडे ठेवायचे हे त्यांच्याकडे पाहून ठरवलं होतं, आणि मापनाच्या कामात यानंतर विश्वासाला जागा उरत नाही. म्हणूनच आता बहुतेक मोठे प्रयोग हव्या त्या पट्ट्यातल्या नोंदी झाकून ठेवतात. वगळण्याचे नियम सगळे आधी ठरतात, लिहिले जातात, आणि मग पडदा उघडतो. पडदा उघडल्यावर जे दिसेल ते आपलं.

त्याच डोंगरातल्या झेनॉन-१-टन प्रयोगानं २०२० मध्ये जे केलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यांना कमी ऊर्जेच्या पट्ट्यात २८५ नोंदी मिळाल्या, अपेक्षा होती २३२ ची, पंधराएक इकडेतिकडे. त्यांनी त्या कापल्या नाहीत. सूर्यातून येणारे ॲक्सिऑन असू शकतील असं लिहिलं आणि त्याच लेखात हेही लिहिलं की झेनॉनमध्ये अत्यल्प ट्रिटियम असेल तरी असंच दिसेल आणि आपण ते नाकारू शकत नाही. मग पुढचा डिटेक्टर आला, झेनॉनमधला रेडॉन सतत ऊर्ध्वपातनानं काढून टाकणारा. बॅकग्राउंड सुमारे पाचपट खाली आलं. २०२२ मध्ये त्या जास्तीच्या नोंदी तिथे नव्हत्या. तीन ओळींत सांगून होतं हे, पण दोन वर्षं जगासमोर ‘आम्हाला कळलेलं नाही’ म्हणत उभं राहायला काय लागतं याची मला थोडीफार कल्पना आहे.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि आधीचा आलेख मागे घेतला. चाळीस टक्क्यांचा आकडा फळ्यावर लिहिला. कुणी काही बोललं नाही. मला ती शांतता अजून आठवते. नंतर जेवणघरात एक तरुण इलेक्ट्रॉनिक्सवाला माझ्या समोर येऊन बसला आणि म्हणाला की नायट्रोजनच्या झडपेची उघडझाप आणि पंप चालू होण्याची वेळ त्याच्या संगणकात सेकंदासह नोंदलेली असते, मला हवी असेल तर तो देईल.

ती मला वर्षभर आधीच मागता आली असती. तरंगाच्या आकारावरून थरथर ओळखायची गरजच नव्हती. घड्याळावरून ओळखता येत होती. झडप केव्हा उघडली, पंप केव्हा चालू झाला ते आकाराकडे न पाहता ठरतं, आणि ते सगळे क्षण वगळले तर किती वेळ गमावला हे नेमकं मोजता येतं. तेवढा वेळ हिशेबातून वजा करायचा, झालं. आम्ही नियम आधी कागदावर लिहिला, तारीख घातली, तिघांनी सह्या केल्या. मग अकरा नोंदींच्या वेळा त्या यादीशेजारी ठेवल्या.

सात नोंदी झडप उघडल्यानंतरच्या काही सेकंदांत होत्या. आणखी दोन पंप चालू होण्याच्या क्षणी. नऊ गेल्या, आणि या वेळी कारणासकट गेल्या. आमची मर्यादा पहिल्यापेक्षा बरीच सैल झाली. प्रबंधात तीच छापली आहे.

उरलेल्या दोनपैकी एक मार्चमधली, पहाटे ४ वाजून १२ मिनिटांची. दुसरी सप्टेंबरमधली, दुपारची. त्या वेळी दालनात कुणी नव्हतं, झडप बंद होती, नायट्रोजनची गोळी खुणेवर होती. आता ते वहीत असतं. प्रबंधाच्या परिशिष्टात अकरा ओळींचा तक्ता आहे: क्रमांक, तारीख, वेळ, ऊर्जा, कारण. नऊ ओळींत कारण लिहिलेलं आहे. या दोन ओळींत तो रकाना मी कोरा ठेवला आहे.